जुना कार्ब्युरेटर आधी जपून ठेवा

पत्रे वेगवेगळी येतात, पण प्रश्न एकच असतो: जुनी पिकअप पुन्हा उभी करतोय, कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेलाय, कुठला घेऊ? पत्रात इंजिनाचा आकार लिहिलेला नसतो आणि जुन्या कार्ब्युरेटरचा नंबर नसतो. कधी कधी तर तो कार्ब्युरेटरच भंगारात गेलेला असतो, आणि मग मदत करणे खरोखर कठीण होते. म्हणून यावेळी या विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : कार्ब्युरेटरवर कंपनीचे नाव दिसते, मॉडेल कळत नाही. कसे ओळखू?

नावाने ओळखू नका, नंबराने ओळखा. एकाच कंपनीचे, दिसायला सारखे कार्ब्युरेटर आतून वेगळे असतात. तारेचा मऊ ब्रश आणि थोडे केरोसीन घ्या आणि काजळी काढा. कार्टर कंपनीच्या कार्ब्युरेटरवर बहुधा वरच्या झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली धातूची छोटी पट्टी असते, नंबर तिच्यावर असतो. आधीच्या कोणी झाकण उघडले असेल तर ती पट्टी हरवलेली असण्याची शक्यता मोठी. हॉली कंपनीच्या अनेक कार्ब्युरेटरांवर चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या पाकळीच्या) भिंतीवर ‘लिस्ट’ या शब्दापुढे आकडा ठोकलेला असतो. ऑटोलाइट २१०० असेल तर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीच्या बाजूला गोलात १.०८ किंवा १.२१ असा आकडा ओतलेला दिसेल. तो वेंच्युरीचा, म्हणजे हवा जाते त्या अरुंद गळ्याचा, इंचातला व्यास, मॉडेल नंबर नव्हे. नंबराचा जवळून फोटो काढा आणि कार्ब्युरेटरचेच काम करणाऱ्या माणसाला दाखवा. मूळ कार्ब्युरेटर आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो, म्हणून इंजिनाचा नंबरही सोबत द्या.

प्रश्न : कॉस्टिक सोड्यात उकळून साफ करावा असे ऐकले. करू का?

अजिबात नाही. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची असते, आणि कॉस्टिक दोन्ही खातो.

प्रश्न : १९६२ ची फोर्ड एफ-१००, २२३ घनइंची सहा सिलिंडर इंजिन. नवा एक-बॅरल (हवेचा एकच मार्ग असलेला) कार्ब्युरेटर आणला, नट-बोल्ट तंतोतंत बसले. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन चालणे) सुरेख आहे, पण गाडी ओढत नाही, चढाला दम तुटतो. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) मोठा करू?

जेटला हात लावू नका. याच चुकीपायी लोक चांगली इंजिने तापवून खराब करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या काळातल्या फोर्डच्या सहा सिलिंडर इंजिनांवर लोड-ओ-मॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) असे. साध्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वेग वाढला की आतली वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. लोड-ओ-मॅटिकमध्ये ही वजनेच नाहीत. ठिणगी किती आधी पडावी हे सगळे डायफ्रॅम (लवचीक पडदा) ठरवतो, आणि त्या डायफ्रॅमला कार्ब्युरेटरकडून नळीने व्हॅक्यूम मिळतो. हा व्हॅक्यूमही साधा नसतो: वेंच्युरीतला आणि थ्रॉटलजवळचा (थ्रॉटल म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी पाकळी), असे दोन मिळून तो बनतो, आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबला की तो कमी करायला कार्ब्युरेटरमध्ये स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. म्हणजे कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर ही जोडी आहे.

तुम्ही आणलेल्या कार्ब्युरेटरमध्ये बहुधा हा व्हॉल्व्ह नाही, आणि नळी फक्त थ्रॉटलजवळच्या छिद्राला जोडली आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की तिथला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो. नेमका ॲडव्हान्स (ठिणगी आधी पडणे) हवा असतो तेव्हाच तो मिळत नाही. ठिणगी उशिरा पडते, ताकद जाते, एक्झॉस्ट तापतो. मोठ्या जेटने फक्त पेट्रोल जास्त जाळाल.

‘सर्व मॉडेलांना चालतो’ असे खोक्यावर छापून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चार भोके जुळली म्हणजे पार्ट जुळला असे होत नाही, आणि ग्राहक मग महिनोन् महिने पॉइंट, कंडेन्सर, प्लग बदलत बसतो. तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत. मूळ व्हॉल्व्हवाला कार्ब्युरेटर शोधून त्याला दुरुस्तीचे किट टाका, किंवा नवाच ठेवून त्याला जुळणारा, वजनांचा ॲडव्हान्स असलेला डिस्ट्रिब्युटर बसवा. कुठलाही निवडा, टायमिंग लाइटने वेगवेगळ्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) ॲडव्हान्स मोजणाऱ्या जाणकाराकडूनच काम करून घ्या. आणि मूळ कार्ब्युरेटर अजून घरात असेल तर कृपा करून तो विकू नका.

प्रश्न : शेवरले, २८३ घनइंची व्ही-८. मित्र म्हणतो ६०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा सोडणारा) चार-बॅरल टाक, ताकद वाढेल.

मित्राला हिशेब दाखवा. घनइंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६. तुमचे इंजिन ४५०० आरपीएमला धरले तर ३६८ सीएफएम येतात. जुने, साधे इंजिन हवेने पूर्ण भरत नाही. ८० टक्के धरा, म्हणजे २९५ च्या आसपास. ६०० च्या कार्ब्युरेटरमध्ये कमी वेगाला हवा इतकी संथ जाते की पेट्रोल नीट ओढले जात नाही, आणि पिकअप तर बहुतेक वेळ कमी वेगालाच चालते. आणखी एक. एक आणि दोन बॅरलचे सीएफएम ३ इंच पाऱ्याएवढ्या व्हॅक्यूमला मोजतात, चार बॅरलचे १.५ इंचाला. ५०० चा दोन-बॅरल चार-बॅरलच्या मापात साधारण ३५४ होतो. जाहिरातीत हे लिहीत नाहीत. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला असेल तर पैसे देण्याआधी इंजिन बांधणाऱ्याला विचारा.

प्रश्न : ऑटोमॅटिक चोकऐवजी हाताचा चालेल?

चालेल. केबल ढकलल्यावर पाकळी पूर्ण उभी होते का, ते झाकण काढून पाहा.

प्रश्न : ‘रिकंडिशन केलेला’ घ्यावा की आपलाच दुरुस्त करावा?

शक्य असेल तर आपलाच. रिकंडिशनवाले ढिगाने खोलतात, ढिगाने धुतात, आणि एकाचे झाकण दुसऱ्याच्या बॉडीवर येते. बदल्यात जुना मागत असतील तर आधी नवा बसवून, चालवून पाहा, मगच द्या.

आपल्या कार्ब्युरेटरमध्ये जीव आहे का, हे आधी तपासा. थ्रॉटलचा दांडा दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. स्पष्ट खडखडला तर भोक अंडाकृती झाले आहे आणि तिथून हवा खेचली जाते. कुठलेही किट ते बरे करत नाही. मशीन शॉपमध्ये बुश मारून घ्यावा लागतो. पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल डचमळले तर तो फुटला. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतात. किट घेताना त्यातले रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे आहे का ते विचारून घ्या.

प्रश्न : सुरू असताना कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपते. रंगकाम चालू आहे, ते संपले की बघू म्हणतो.

नाही. आधी हे. बऱ्याच सरळ सहा सिलिंडर इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, आणि कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतो. थेंब पडायला दुसरी जागाच नाही. कारण बहुधा छोटे असते: निडलखाली (वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली) कचरा, फुटका फ्लोट, किंवा कोणी लावलेला इलेक्ट्रिक पंप. जुना यांत्रिक पंप साधारण ४ ते ६ पीएसआय दाब देतो. त्याहून जास्त दाबापुढे निडल टिकत नाही. हे गेज लावून पाहायचे काम आहे, ते मेकॅनिककडून करून घ्या. तोवर गाडी सुरू करू नका, बॅटरीची निगेटिव्ह केबल आजच काढून ठेवा, आणि रंगवाल्याला गाडीजवळ हीटर किंवा ग्राइंडर चालवू देऊ नका.