पलटण इंग्रजांनी दिलेली नाही

प्रश्न असा आलाय. इथला सोलापुरातलाच एक कॉलेजचा मुलगा कथा लिहितोय. त्याच्या कथेत १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊसाहेब जिंकतात, इंग्रजांचं राज्य काही येत नाही, आणि १९१४ उजाडतं तेव्हा मराठ्यांकडे पायदळ आहे, आरमार आहे आणि नुकतंच उभं राहिलेलं विमानांचं दळ आहे. त्याने 'सातवी पलटण' असं लिहिलं तर एकाने सांगितलं की पलटण इंग्रजांनी दिलेला शब्द, तुझ्या जगात इंग्रजांचं राज्यच नाही, काढ ते आणि 'वाहिनी' घाल. दुसरा म्हणाला राहू दे, पलटण 'पलटणे' वरून आलाय, अस्सल मराठी आहे. त्यात खरं कुठलं, आणि जनरल, ब्रिगेड, एअर फोर्सला काय म्हणू, असं तो विचारतोय.

दोघांचीही कारणं चूक. 'पलटणे' वाली व्युत्पत्ती तर इतक्यांदा ऐकलीय की आता डोकं उठतं, हल्ली व्हिडिओत कोणीही उठतो आणि सांगतो की शिपाई हुकूम मिळाला की पलटतात म्हणून पलटण. अरे मग शिवकाळात का नाही सापडत हा शब्द? तिथे पागा आहे, पथक आहे, जुमला आहे, हजारी आहे. पलटण येते ती कवायती पायदळ आलं तेव्हा, अठराव्या शतकात, बंदुका आणि काडतुसांसोबत. (कवायत म्हणजे अरबीत 'कायदा'चं अनेकवचन, पण ते राहू दे.)

आता मूळ शब्द. इंग्रजीत प्लाटून, तो आला फ्रेंच पेलोतों वरून, आणि पेलोतों म्हणजे काय तर छोटा गोळा, सुताचा गुंडा! लोकरीचा असतो ना, तो गुंडा. माणसं एका ठिकाणी गोळा होऊन उभी राहिली म्हणून तुकडीला तो शब्द लागला. सायकलच्या मोठ्या शर्यतीत घोळक्याने चाललेले स्वार असतात त्यांनाही पेलोटॉनच म्हणतात, शब्द तोच. त्याच्याही मागे गेलो तर लॅटिन 'पिला', म्हणजे चेंडू, आणि त्याच घरातून इंग्रजीत छर्ऱ्याला पेलेट आला नि औषधाच्या गोळीला पिल. आपण सोलापूरकर, ज्यांच्या गावात सूत, कांड्या नि माग यांच्यावर घरं चालली, त्यांनी तरी पलटण परकी म्हणून हाकलू नये, तिच्या पोटात सूतच आहे.

इथे हॉब्सन-जॉब्सनवाल्यांशी माझं भांडण आहे. यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा तो अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश म्हणतो की पलटण हा बटालियनचा अपभ्रंश, प्लाटून किंवा पेलोतोंशी थोडी गल्लत झाली असेल तर असेल. गल्लत कसली? कानाने ऐका जरा. बटालियनमध्ये आधी ट येतो मग ल. पलटणमध्ये आधी ल मग ट. प, ल, ट, न, चारही व्यंजनं प्लाटूनची, त्याच क्रमाने, आणि सुरुवातीचं जोडाक्षर आपण फोडलंय, जसा प्लॅटफॉर्मचा फलाट केला. शिवाय बटालियनमधल्या ब चा प आपण कशाला करू? बटाटा बटाटाच राहिला, बॉटलची बाटली झाली, बूट बूटच आहे, मराठी माणसाला ब म्हणायला काय जड जातंय?

बटालियनचं खरं लेकरू वेगळं आहे आणि ते आपल्या गावातच ऐकायला मिळतं. पूर्व भागात जा, दारात विड्या वळत बसलेली एखादी तेलुगू आज्जी असेल, गल्लीतली पोरं एकदम घरात घुसली की ती मान वर न करता म्हणते, "पटालम वच्चिंदी!" म्हणजे पटालम आली. आता हे बघा, प, ट, ल, म, इथे ट आधी नि ल नंतर, अगदी बटालियनसारखं, आणि ब चा प सुद्धा झाला कारण तमिळ लिपीत ब ला वेगळं अक्षरच नाही, तिकडे पट्टाळम झालं. हॉब्सन-जॉब्सनने हे दक्षिणेतलं रूप नोंदवलंय खरं, पण पलटणीच्याच खात्यात टाकलंय, वेगळं काढलेलं नाही. पटालम बटालियनची, पलटण पेलोतोंची, दोन वेगळ्या वाटा, माझं तरी हे ठाम मत आहे.

लोक मग म्हणतात की प्लाटून म्हणजे जेमतेम तीसेक माणसं आणि पलटण तर अख्खी बटालियन, आजही आपल्या सैन्यात जवान 'माझी पलटन' म्हणतो ते बटालियनलाच, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १७६८ ची, तिला जंगी पलटनच म्हणतात. खरंय. पण शब्दाचा आकार वाढतो आणि आटतो पण. शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर, म्हणजे स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि त्याच काळात गडाचा हवालदार मात्र अख्ख्या किल्ल्याचा कारभारी. आज हवालदार चौकात शिट्टी वाजवतो. मग पलटण वाढली यात आश्चर्य कसलं?

टून चं टण का झालं, तर इथे मी 'पलटणे'ला थोडी जागा देतो. शब्द बाहेरून आला, आणि ओळखीच्या क्रियापदाने त्याला आपल्याकडे ओढून घेतलं. ओढणं वेगळं, जन्म देणं वेगळं.

तर तुझ्या कथेत पलटण बिनधास्त ठेव. इंग्रजांचं राज्य नसतं तरी फ्रेंच होतेच की. ज्या इब्राहिमखान गारद्याच्या पायदळावर भाऊसाहेबांची भिस्त होती तो फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला, आणि 'गारदी' सुद्धा फ्रेंच गार्द नाहीतर पोर्तुगीज ग्वार्दा. आरमार पोर्तुगीज आर्मादावरून, काडतूस पोर्तुगीज कार्तुशवरून. १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या पलटणी पेराँच्या हाताखाली आणि निजामाच्या रेमाँच्या, दोघंही फ्रेंच. सत्ता कोणाची आली यावर हे शब्द अवलंबूनच नव्हते.

ब्रिगेडला 'कंपू' म्हण. पोर्तुगीज काम्पो म्हणजे छावणी, आणि महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने ज्या कवायती ब्रिगेडी उभ्या केल्या त्यांना कंपूच म्हणत. आज कंपू म्हटलं की लोकांना गटबाजी आठवते, फार वाईट वाटतं, चांगला लढाऊ शब्द शिवी होऊन बसलाय. तुझ्या जगात तो वाचलेला असेल, 'दुसरा कंपू, सातवी पलटण' वाचताना कसं भारी वाटतं बघ.

'लष्कर' फारसी म्हणून टाळू नकोस. आपल्याकडे सदर बझारला लागून लष्कर भाग आहे, नाव कोणाला खटकत नाही. १८१८ च्या मे मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या उरल्यासुरल्या पायदळाला इंग्रजांच्या मन्रोने इथेच सोलापुरात गाठलं आणि किल्ला घेतला, तुझ्या कथेत ते घडतच नाही, तर भुईकोटात एखादी पलटण ठेव.

जनरलसाठी 'सेनापती' आहेच, शिवराज्याभिषेकाच्या सुमारास फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला तेव्हा सरनौबताचा सेनापती झाला, पण सरनौबत कोणी विसरला नाही. शाहूकाळात सरलष्कर होता, गायकवाडांचा सेनाखासखेल होता, इतकी श्रीमंती असताना सगळ्यांना 'जनरल' कशाला? आरमाराच्या मुख्याला 'सरखेल', कान्होजी आंग्र्यांचाच किताब.

विमानदळाचं राहिलं. 'वायुसेना' नको, १९१४ च्या मराठ्याच्या तोंडी ते बसत नाही. घोडदळाचेच शब्द वर चढव. तुकडी म्हणजे पथक, सरकारी विमानं ठेवायची जागा ती पागा. सरकारी घोड्यावरचा स्वार बारगीर असायचा आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार, तेव्हा सरकारी विमान उडवणारा बारगीर, आणि कोणी इनामदाराचा मुलगा स्वतःचं विमान घेऊन चाकरीला आला तर तो शिलेदार. दोघांचा पगारही वेगळा ठेव, शिलेदाराला जास्त, कारण विमान पडलं तर नुकसान त्याचं.