सोर्सफोर्ज एवढं मोठं होतं, मग ते मागे कसं पडलं? जुन्या लॅब-नोट्समध्ये तिथलीच लिंक आहे, वापरू का?

बेळगावात कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये ही लिंक असणं साहजिक आहे. 1999 मध्ये व्हीए लिनक्स या कंपनीने सोर्सफोर्ज ही साइट सुरू केली, तेव्हा फुकटात कोड ठेवायला एवढी सोयीची दुसरी जागा नव्हती. 2008 मध्ये गिटहब ही कोड ठेवायची दुसरी साइट आली आणि नवी पोरं तिकडे वळली. पण खरी माती खाल्ली ती पुढे. 2013 पासून काही इन्स्टॉलरांत जाहिरातींची भर पडली. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की नको असलेलं सॉफ्टवेअर गळ्यात. उद्यमबागेतल्या एखाद्या ऑफिसचा पीसी असा खराब झाला की बिचाऱ्या मूळ प्रोग्रामलाच शिव्या! डाउनलोडच्या फसव्या बटणांना वैतागून गिंप हा चित्रं एडिट करायचा प्रोग्राम त्याच वर्षी तिथून बाहेर पडला. तरी 2015 मध्ये गिंपचं विंडोज खातं सोर्सफोर्जने स्वतःकडे घेऊन त्यातही जाहिराती घातल्या. हे मात्र अतीच झालं.

2016 मध्ये मालक बदलले, त्यांनी तो प्रकार बंद केला. साइट आजही चालू आहे. तरी आधी त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवर बघा. तिथूनच सोर्सफोर्जची लिंक दिली असेल तर खुशाल घ्या.