गाडीची बॅटरी बसली तर जंप स्टार्टर कोणता घ्यावा, ६०० अँपिअरचा की २००० चा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या मानेवाड्यात राहता, चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, हप्ताभर खाली उभी असते आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. आणि घरचे म्हणून राहिले की डबा (जंप स्टार्टर, म्हणजे बसलेल्या बॅटरीला चिमट्यांनी जोडून इंजिन चालू करायला करंट देणारी छोटी पेटी) कशाला पाहिजे, गाडी धक्क्यानं होते चालू. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलेच नसते.

आधी आकड्याचं सांगून टाकते. डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो पीक करंट असतो, म्हणजे क्षणभर निघणारा, आणि तो कसा मोजायचा याचा सगळ्यांना लागू असा एक नियम नाही, त्यामुळे जो तो आपल्या मनानं छापतो. तुमच्या बाराशे सीसीच्या पेट्रोल इंजिनला फिरायला शे-दीडशे अँपिअर लागतात, गारठ्यात थोडे जास्त. म्हणजे खरा ६०० वाला तुम्हाला भरपूर झाला आणि त्याच किमतीत २००० लिहिलेला मिळत असेल तर तो २००० नाहीच. त्यापेक्षा वॉट-अवर बघा, म्हणजे डब्यात एकूण किती ऊर्जा मावते ते. एमएएच लिहिलं असेल तर त्याला ३.७ नं गुणून हजारानं भागा, १२००० एमएएच म्हणजे साधारण ४४ वॉट-अवर. पेट्रोल हॅचबॅकला ३५ ते ४५ पुरे, डिझेल एसयूव्ही असेल तर त्याच्या वरचा घ्या. आणि वजन बघा वजन. २०००० एमएएच लिहिलंय आणि डबा ३०० ग्रॅमचा, असं होऊच शकत नाही, तेवढे सेलच त्याच्यापेक्षा जड भरतात. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, एकसारखे डबे वेगवेगळी नावं चिकटवून विकतात, तेव्हा नावापेक्षा चिमटे आणि त्यांची वायर बघा. चिमट्याचे दोन्ही जबडे तांब्याचे पाहिजेत, वायर आखूड आणि जाड पाहिजे, आणि उलटे लावले तर लाल लाईट लागून करंट बंद होईल असं प्रोटेक्शन पाहिजेच. यूएसबीचे चार पोर्ट आणि टॉर्च कितीही असो, त्याचे पैसे देऊ नका.

आता मला हे सगळं का माहिती ते सांगते.

मे महिना, नवतपा सुरू होता. काटोल रोडच्या एका लॉनवर माझ्या मावसभावाच्या मुलीचं रिसेप्शन होतं. मिस्टर पुण्याला कामाला गेलेले, मी, माझी मुलगी आणि माझे बाबा असे तिघं गेलो. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन फार दिवस झाले नव्हते, पण पोरीच्या लग्नाला जायचंच म्हणून हट्ट धरून बसले होते. लॉनच्या गेटवर पार्किंगच्या पोरानं किल्ली घेतली, तिथं असंच असतं, गाडी तेच लावतात. जेवणं झाली, फोटो झाले, बाराच्या सुमारास निघालो तर गाडी चालू व्हायला तयार नाही. त्या पोरानं आत बसून तीन-चार तास इग्निशन ऑन ठेवून ब्लोअर आणि गाणी लावली होती. बॅटरी वर्षाचीही नव्हती हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रोडसाईड असिस्टन्सला फोन लावला, वर्षाचे पैसे भरलेले होते. पंचेचाळीस मिनिटांत येतो म्हणाले. पंचेचाळीस मिनिटांनी पुन्हा फोन केला तर पुन्हा पंचेचाळीस मिनिटं. मग तो नंबर लागणंच बंद झालं. मंडपातले लाईट एकेक करून बंद होऊन राहिले होते, पाहुणे केव्हाच निघून गेले होते, बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, मुलगी त्यांच्या मांडीवर झोपलेली, आणि रात्री एक वाजताही हवा भट्टीसारखी. मी आमच्या भासऱ्यांना, म्हणजे मिस्टरांच्या मोठ्या भावाला, फोन केला. ते म्हणाले, "चार माणसं बोलाव, धक्का मार, होते." मी म्हटलं दादा, एएमटी आहे (क्लचचा पेडल नसलेली ऑटोमॅटिक), धक्क्यानं नाही होत. तर म्हणे, "मग राहू दे तिथंच, सकाळी मेकॅनिक पाठवतो, बाबांना कोणाच्या तरी गाडीत बसवून दे." कोणाच्या? तिथं कॅटरिंगवाले आणि डेकोरेशनवाले सोडून कोणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात कॅटरिंगच्या ट्रकचा ड्रायव्हर जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या वायरी, घेऊन आला. माणूस चांगला, मदतच करायला आला होता, बोनट उघडायला सांगू लागला. बाबा खुर्चीवरूनच ओरडले, "बाई, त्याले हात लावू देऊ नको, चोवीसचं हाय ते!" माझे बाबा एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होते, रिटायर तिथूनच झाले. ट्रकमध्ये आणि एसटीत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, चोवीस व्होल्ट. ते तुम्ही बाराच्या गाडीला लावलं तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो) डायोड, म्युझिक सिस्टीम, काय काय जाईल सांगता येत नाही, आणि बॅटरीतून गॅस सुटून ती फुटूही शकते. ड्रायव्हरला राग आला, म्हणाला मी रोज देतो असं. देत असेल. दोनपैकी एकाच बॅटरीवरून बरोबर घेतलं तर होतंही, पण अंधारात, घाईत, कोणती वायर कुठं जाते ते न बघता माझ्या गाडीवर हा प्रयोग मी करू देणार नव्हते आणि बाबा तर नाहीच नाही.

शेवटी डेकोरेशनवाल्याची पिकअप बारा व्होल्टची निघाली. बाबांनी आधी तिची बॅटरी स्वतः बघितली आणि मगच हो म्हणाले. पण केबल! वरून बोटाएवढी जाड आणि आत तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम, तेही सुतळीएवढं, बाकी सगळं रबर. सेल्फ मारला की केबल गरम होऊन राहिली आणि गाडी घेईना. मग पिकअप चालू ठेवून बराच वेळ तशीच जोडून ठेवली, आमच्या बॅटरीत थोडा जीव आला तेव्हा कुठं इंजिन लागलं. घरी पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. तुम्ही केबल बरी की डबा बरा असंही विचारलंय ना, तर केबलला दुसरी गाडी लागते, दुसऱ्या गाडीला दुसरा माणूस लागतो, आणि रात्री लॉनच्या मागच्या अंधारात तो माणूस कसा निघेल ते आपल्या हातात नसतं. बाई एकटी असेल तर हा हिशोब वेगळाच असतो, हे पुरुषांना समजावून सांगावं लागतं याचाच मला त्रास होतो.

त्याच हप्त्यात मी जंप स्टार्टर घेतला. भासरे म्हणाले फालतू खर्च, तेवढ्या पैशात अर्धी-पाऊण नवी बॅटरी आली असती. हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे आणि तुमच्या घरीही तोच चालू दिसतोय, म्हणून इथं नीट मांडते.

धक्क्याचं म्हणाल तर साधी गिअरची गाडी असेल, बॅटरी थोडीच उतरली असेल आणि उतार असेल तर होते, मी नाही म्हणत नाही. पण आता सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू, सगळ्याला करंट लागतो, बॅटरी पूर्ण झोपली असेल तर तुम्ही रेशीमबागेपर्यंत ढकलत नेली तरी लागणार नाही. एएमटीत क्लच दाबायचं कामही मशीनच करते, ते करंटशिवाय हलत नाही. आणि धक्क्यात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (धूर साफ करणारा भाग) नुकसान होऊ शकतं, तो नवा घ्यायचा म्हटलं तर जंप स्टार्टरपेक्षा कितीतरी महाग. वरून फ्लॅटच्या बेसमेंटमधून रॅम्पवर गाडी ढकलणार कोण?

आणि नवी बॅटरी टाकली की झालं, हे त्यांचं दुसरं वाक्य. नवी बॅटरीही कोणी लाईट चालू ठेवला की बसते. त्या रात्री बसली ती नवीच होती ना! डबा हा बॅटरीच्या ऐवजी नाही, तो बॅटरी बसेल त्या दिवसासाठी आहे. पण हेही तितकंच खरं की डबा बॅटरी चार्ज करत नाही. तुमच्या ३५ एएचच्या बॅटरीत सवाचारशे वॉट-अवर मावतात आणि डब्यात चाळीस, तो फक्त इंजिन लागेपर्यंतचे काही सेकंद हात देतो. पुढचं काम अल्टरनेटरचं, म्हणून चालू झाल्यावर गाडी बंद करू नका, वर्धा रोडला निघा आणि अर्धा-पाऊण तास चालवून या, घर ते भाजीबाजार असा फेरा मारून बॅटरी भरत नाही. बाकी आमच्या घरात तो डबा ट्रिपला सगळ्यात जास्त कोण मागून नेतो, तर भासऱ्यांचाच मुलगा. पेंचला सिल्लारीला जायचं ठरलं की आदल्या रात्री येतो, काकू डबा दे. भासरे समोरच बसलेले असतात.

आता नागपूरवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे विकणारा सांगत नाही. लिथियमचा डबा उन्हाळ्यात गाडीत ठेवायचा नाही. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठच्या ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवलं आणि देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानं सेन्सरचा घोळ होता म्हणून सांगितलं, पण ते सोडा, आपले खरे ४५ सुद्धा पुरेसे आहेत. ४५ मध्ये उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या वर जातो आणि बहुतेक डब्यांवर जास्तीत जास्त ६० डिग्री लिहिलेलं असतं. सेल फुगतो, क्वचित पेटतोही. मी मार्च ते जून पर्समध्ये घेऊन फिरते, उतरले की सोबत घेऊन जाते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलवाला बघावा, तो जड असतो पण उष्णतेला जास्त टिकतो, किंवा सरळ सुपरकपॅसिटरवाला. त्यात साठवलेलं काही नसतं, तुमच्या मेल्या बॅटरीत उरलेला थोडा करंट ओढून दोन-चार मिनिटांत भरतो आणि एकदम सोडतो, त्यामुळे तो गाडीत पडून राहिला तरी चालतो. फक्त बॅटरी साफ कोरडी असेल तर त्याला पॉवरबँक किंवा दुसरं काहीतरी जोडावं लागतं. लिथियमवाला मात्र दर तीन महिन्यांनी चार्ज करायचा, नाहीतर ऐन वेळी तोच बसलेला निघेल.

बॅटरीचंही तसंच आहे. लोक म्हणतात थंडीत बॅटरी मेली. मरते ती मे महिन्यातच, उष्णतेनं आतल्या प्लेटा खराब होतात, दहा डिग्री वाढले की आयुष्य निम्मं असं ढोबळमानानं धरतात. डिसेंबरात फक्त उघडं पडतं, कारण तेव्हा ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि तो तिच्यात उरलेला नसतो. २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीनवर गेला होता तेव्हा आमच्या गल्लीत सकाळी किती गाड्या नुसत्या टक टक करत होत्या.

हे आधी सांगायला पाहिजे होतं पण आता सांगते, बॅटरी फुगलेली असेल, तडा गेला असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर डबा लावूच नका, सरळ बदला. सेल्फ चार-पाच सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला. आणि डब्यावर बूस्टचं बटण असतं ना, ते बॅटरी अगदी शून्याजवळ असेल तेव्हासाठीच, ते दाबलं की उलट्या चिमट्याचं प्रोटेक्शन बहुतेक डब्यांत बंद होतं, तेव्हा लाल-काळा दोनदा बघून मगच दाबा.

तुमच्या बाबतीत तर आधी बोनट उघडून टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर मायनस आधी काढा, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, १० च्या पान्यानं घट्ट आवळा. कितीतरी गाड्यांचं टक टक तिथंच थांबतं. मग रात्रभर उभी ठेवून सकाळी चालू करायच्या आधी मल्टिमीटर लावा, मीटर नसेल तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरलेली आहे, दोष दुसरीकडे शोधावा लागेल. १२ च्या खाली आले तर ती उतरतेय, मग डॅशकॅम, जीपीएस असं काही रात्रभर चालू राहतं का तेही बघा. किती आले ते आणि गाडी एएमटी आहे की साधी ते खाली लिहा, त्यावरून बॅटरी बदलायची की डब्यावर भागेल ते मी सांगते.