हतनूरचे दरवाजे आणि मोबाइलवरची बातमी

भाऊ, तुम्ही विचारलंत की 'हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले, तापीला महापूर' असं दोन पोर्टलवर आलंय, बाकी कुठेच नाही; मग नदीकाठची पाण्याची मोटार काढायची की नाही? मोटार आधी काढा. बातमी खोटी निघाली तर अर्धा दिवस जाईल, खरी निघाली तर मोटार जाईल.

आता बातमीचं. हतनूरला एकूण दरवाजेच ४१ आहेत. ते सगळे अर्ध्या मीटरने उघडले की पूर्ण, हे लिहिलं नसेल तर त्या आकड्यावरून पुराचा अंदाज येत नाही. विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, किती, किती वाजताचा आणि कोणी सांगितला, हे शोधा. 'सूत्रांनुसार' एवढंच असेल तर मी ती बातमी पुढे पाठवत नाही.

विसर्गाचं एकक तर नक्की बघा. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; १ क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. एका पोर्टलने क्युमेकचा आकडा क्युसेक म्हणून छापला होता. मी कळवल्यावर त्यांनी तो गुपचूप बदलला, खाली दुरुस्तीची एक ओळसुद्धा टाकली नाही. चूक कोणाचीही होते, पण ती लपवणाऱ्याची पुढची बातमी मी दुसरीकडे पडताळल्याशिवाय धरत नाही.

दोन पोर्टलवर आली म्हणजे दोन साक्षीदार झाले असं नाही. मजकूर शब्दाला शब्द तोच, शुद्धलेखनाची चूकही तीच, तर उगम एकच. फोटो गुगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो आधी कुठे आला होता ते कळतं; मागच्या पावसाळ्यातला निघू शकतो. पाऊस बऱ्हाणपूरकडे झाला की पूर्णेच्या खोऱ्यात, हेही बातमीत असायला हवं. हतनूरला पाणी या दोन्हीकडून येतं.

पोर्टलवर संपादकाचं नाव, पत्ता आहे का बघा. २०२१च्या आयटी नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवणं अपेक्षित आहे. नुसता व्हॉट्सअॅप ग्रुपचा दुवा असेल तर तक्रार करणार कोणाकडे?

मी एवढा आग्रह धरतो तो राईनपाड्यामुळे. १ जुलै २०१८ला आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. 'ही माहिती कोणी दिली?' एवढं विचारायलाही तिथे कोणी थांबलं नाही.

तलाठ्याकडून तहसीलच्या पूर नियंत्रण कक्षाचा नंबर आजच घेऊन ठेवा. रात्री पोर्टल चाळत बसण्यापेक्षा तिथे फोन लावा.