टेबलाच्या टोकाची खुर्ची

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. पॅकिंगची असिस्टंट मॅनेजर झालीस, जीव सुखावला. पण त्याच निरोपात खाली लिहिलंस की कारखान्याच्या अंतर्गत समितीचं, म्हणजे बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीचं, अध्यक्षपदही साहेबांनी तुझ्याकडे द्यायचं ठरवलंय आणि ते तू नाकारणार आहेस. घर सांभाळून तेवढं जमायचं नाही आणि लोकांचा वाईटपणा कशाला घ्यायचा, अशी दोन कारणं. फोनवर पाच मिनिटांत बोलण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं ऐकशील तर नाकारू नकोस. आणि घेतलंस तर नावापुरतं घेऊ नकोस. या दुसऱ्या गोष्टीसाठीच खरं तर हे पत्र.

घराचं कारण तुला तुझं स्वतःचं वाटतंय, पण ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून बायकांसाठी तयार करून ठेवलेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ग्वेंडोलिन हॉइट नावाच्या बाईवर नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला. ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळात, सगळे पुरुष. तिथला नियम असा होता की पुरुष ज्युरीच्या यादीत येई तो नागरिक म्हणून. बाईला मात्र आपली इच्छा आहे असं कचेरीत जाऊन नोंदवावं लागे. दहा हजार नावांच्या यादीत बायका होत्या १०. हॉइटबाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९६१ साली तिथल्या न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की घरसंसाराचं केंद्र अजूनही बाईच मानली जाते, तेव्हा तिला या कामातून मोकळीक दिली तर त्यात गैर काही नाही. शिक्षा कायम राहिली. मोकळीक दिली, म्हणजे बघ, भाषा उपकाराची. हे मत मोडायला १९७५ साल उजाडलं, आणि मोडून घेणारा लुइझियानातला आरोपी पुरुष होता. ज्या यादीतून माझी ज्युरी निवडली तिच्यात बायका नाहीत, मग ती सगळ्या समाजातून निवडली असं कसं म्हणायचं, असा त्याचा सवाल होता. कोर्टाने तो मान्य केला.

आपल्याकडेही सूर तोच होता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने बायकांच्या कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधून दिली होती. हेतू रक्षणाचा होता, ते मी नाकारत नाही. पण परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. जिला रात्रपाळी नाही तिच्याकडे पाळीची जबाबदारी नाही, आणि जिने पाळी सांभाळली नाही तिचं नाव बढतीच्या वेळी निघत नाही. पट्ट्यावर रांगेने बायका आणि त्यांच्यावरचा प्रत्येक माणूस पुरुष. कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असं नव्हे, पण जिन्याच्या मधल्या दोन पायऱ्याच काढून ठेवलेल्या होत्या. तेव्हा घरचं काम खरोखर जड होत असेल तर त्याची वाटणी घरात माग. नवऱ्याशी बोल, सासूबाईंशी बोल. कंपनीतलं पद सोडून ती वाटणी होत नसते.

पॅकिंगच्या कामाबद्दल तू फार लिहिलं नाहीस, पण धास्ती लपत नाही. त्याबद्दल एवढंच लक्षात ठेव. बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांत अर्थतज्ज्ञांनी मोठा अभ्यास केला. तिथे शिलाईच्या मशीनवर बहुतेक बायका आणि सुपरवायझर जवळजवळ सगळे पुरुष. बायकांना आणि पुरुषांना सारखंच प्रशिक्षण देऊन लाइनवर सुपरवायझर म्हणून उभं केलं. कौशल्यात बायका कमी नव्हत्या. तरी सुरुवातीला त्यांच्या लाइनी मागे राहिल्या, आणि हाताखालच्या माणसांचा त्यांच्या तांत्रिक ज्ञानावर भरवसाही कमी होता. त्या माणसांत बायकाही आल्या बरं का. काही महिन्यांत तो फरक मिटला. म्हणून पहिल्या महिन्यांच्या आकड्यांवरून स्वतःला जोखू नकोस, वरच्यांनाही जोखू देऊ नकोस.

भरवसा कसा बसतो ते सांगते. मी नवी सुपरवायझर असताना औषधाच्या गोळ्या स्ट्रिपांत बंद करणाऱ्या मशीनवर माझ्या वडिलांच्या वयाचा ऑपरेटर होता. पॉकेट नीट बंद झालंय का हे बघणाऱ्या लीक टेस्टसाठी स्ट्रिपा डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा काढून घेता येणाऱ्या बंद भांड्यात, निळ्या पाण्यात बुडवल्या, व्हॅक्यूम लावला, सोडला, स्ट्रिपा पुसल्या आणि एकेक पॉकेट कापून बघायला घेतलं. एका पॉकेटात गोळीच्या कडेला निळी रेघ. दुसऱ्या स्ट्रिपेत तीच, त्याच जागी. ऑपरेटर म्हणाला, "बेन, आटलुं तो चाले." ताई, एवढं तर चालतं. बाहेर ट्रक उभा होता. मी मशीन बंद करायला सांगितलं आणि तिथेच उभं राहून रजिस्टरमध्ये लिहिलं: वेळ, सीलिंगचं तापमान, कोणत्या जागेचं पॉकेट, आणि आधीची टेस्ट पास झाल्यापासूनचा सगळा माल बाजूला काढला. आवाज चढवला नाही, गयावयाही केली नाही. तो उरलेली पाळी माझ्याशी बोलला नाही. फिटरने रोलर उघडला तेव्हा त्या जागेची जाळी झिजलेली निघाली. शाबासकी त्याने मला तेव्हा दिली नाही, पुढेही नाही. पण त्यानंतर कुठे निळं दिसलं की स्वतः मशीन थांबवून मला हाक मारायचा. तू निर्णय घेतेस आणि त्याचं कारण कुणालाही वाचता येईल असं लिहिलेलं असतं, एवढं माणसांना कळलं की पुरतं. ते बेन म्हणोत की मॅडम, त्याने फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्यापुढे हमखास येईल. पट्ट्यावरच्या बायका म्हणतील, तुम्ही बाई असून आमचं समजून घेत नाही. मुलगा तापाने फणफणलाय, लवकर सोडा. सोड, जरूर सोड. पण नियम एकच ठेव आणि बापालाही तोच लाव. तापलेल्या मुलासाठी फिटरला सुट्टी मिळत नसेल आणि हेल्पर बाईला मिळत असेल, तर पुढच्या बढतीला तिचं नाव कुणी घेणार नाही, आणि फिटरच्या घरची बाई तिच्या कारखान्यात रजा मागत राहील.

आता समितीकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

तू वाईटपणाचं म्हणतेस. राजस्थानातल्या भटेरीत भंवरी देवी ही सरकारी योजनेतली साथिन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, बालविवाह थांबवायला गेली आणि त्याचा सूड म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. त्या बाईने केवढं सोसलं असेल. तिच्यावरच्या अन्यायातून विशाखा याचिका उभी राहिली आणि १९९७ साली सुप्रीम कोर्टाने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध पहिल्यांदा नियम घालून दिले. त्या खंडपीठात न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. तक्रार समितीची प्रमुख बाई असावी आणि निम्म्याहून कमी बायका नसाव्यात, हे तिथून आलं. २०१३ च्या कायद्याने ते पक्कं केलं. दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे अशी समिती बंधनकारक आहे. म्हणजे ज्या खुर्चीला तू नको म्हणतेस ती कुणाच्या मर्जीने आलेली नाही.

पण कायदा खुर्ची देतो, खुर्चीत बसवत नाही. मी बाहेरची सदस्य म्हणून समित्यांवर जाते. खोलीत शिरलं की मी आधी बघते टेबलाच्या टोकाला कोण बसलंय. बहुतेकदा एचआरचे साहेब. फाइल त्यांच्यापुढे, पेन त्यांच्या हातात, आणि अध्यक्ष बाई दाराजवळ, चहा आला का ते बघत. प्रश्न साहेब विचारणार, अध्यक्ष शेवटी सही करणार. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५० च्या दशकात ज्युरीच्या यादीतल्या साध्या नागरिकांना खटला ऐकवून खऱ्यासारखी चर्चा करायला लावली होती. मंडळींनी आपला फोरमन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, स्वतः निवडायचा. टेबलाच्या टोकाला बसलेल्याची निवड जास्त झाली, आणि बायका ज्युरीत जेवढ्या होत्या त्या मानाने फारच थोड्या फोरमन झाल्या. तुला निवडणुकीची वाट बघायची नाही, तुझी थेट नेमणूक होणार आहे. म्हणून पहिल्या बैठकीला दहा मिनिटं आधी जा आणि टोकाच्या खुर्चीत बस. क्षुल्लक वाटेल, पण नाही.

जबाब तुझ्यासमोर लिहिला गेला पाहिजे. गुजराती, हिंदी, मराठी, बोलणारीचे शब्द असतील ते तसेच राहू देत. "गैरवर्तन केले" असं गुळगुळीत वाक्य तिच्या तोंडी घालू देऊ नकोस. लिहून झालं की तिला वाचून दाखव, प्रत्येक पानावर सही घे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचाही जबाब अगदी असाच. चौकशीला अध्यक्षासह किमान तीन सदस्य हजर लागतात, तेव्हा तुझ्याशिवाय ती चालूच शकत नाही, हे साहेबांना शांतपणे सांगता येईल. वकील दोघांपैकी कुणालाही आणता येत नाही. मुदती पाठ कर: घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, सबळ कारण असेल तर लेखी नोंद करून आणखी तीन महिने, तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामकाजी दिवसांत, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण, त्यापुढे दहा दिवसांत अहवाल. "मिटवून टाका ना" असं कुणीतरी म्हणेलच. समेट फक्त तिने स्वतः मागितला तर, तोही चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांवर कधीच नाही.

चर्चेला बसाल तेव्हा सगळ्यांत कनिष्ठ सदस्याचं मत आधी घे. वरिष्ठ आधी बोलला की खालचे माना डोलावतात, मग समितीत पाच माणसं असून मत एकच निघतं. तुझं मत शेवटी सांग, पण सांगच. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबव. पुरावा न देता येणं एवढ्यावरून बाईवर कारवाई करता येत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

मात्र तू तक्रारदाराची वकीलही नाहीस. अलाबामात मुलाचं पितृत्व ठरवण्याच्या एका खटल्यात सरकारी बाजूने ज्युरीतून बहुतेक पुरुष वगळले आणि सगळ्या बायका उरल्या. तो माणूस सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९४ साली कोर्टाने म्हटलं की नुसत्या बाई-पुरुष या कारणाने ज्युरीतून कुणाला काढता येणार नाही. मला तो निकाल मनापासून पटतो. बाईला बाईचं कळतं म्हणून तुला तिथे बसवलेलं नाही. आजवर निवाडा करणाऱ्यांत अर्धं जग नसायचं, ते यावं म्हणून बसवलंय. समोरचा पुरुष निर्दोष असेल तर ते लिहिण्याचं धैर्यही तुझ्यात हवं.

आपल्या गावाला हे परकं नाही. महाराणी चिमणाबाईंनी १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं. १९४९ साली सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या. सगळे विभागप्रमुख, सगळं प्रशासन त्यांच्या हाताखाली. त्या दोघींमागे राजघराणं होतं, दिवाणाचं घर होतं, हे खरं. तुझ्यामागे ते नाही, पण तुझ्यामागे कायद्याचं कलम आहे, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं.

समितीतलं काही बाहेर बोलायचं नाही, हेही कलमच आहे. कँटीनमध्ये नाही, नवऱ्यापाशी नाही. कधी फार जड झालं तर माझ्याकडे ये, बस, जेव. पण नाव, विभाग, काहीही मला सांगू नकोस.

होकार कळवताना तीन गोष्टी लेखी माग. बैठकीचा वेळ ड्यूटीत धरावा आणि तेवढा वेळ लाइनवर बदली माणूस द्यावा. समितीच्या सगळ्या सदस्यांचं प्रशिक्षण करावं. ते मालकाचं कर्तव्यच आहे. आणि समिती नेमल्याचा आदेश, नावांसकट, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावावा. नुसता ऑफिसच्या काचेमागे नको, पॅकिंगच्या चेंजरूमबाहेरही हवा. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, ती तारीख आदेशात आहे का बघ. रविवारी सकाळी मी घरीच आहे. आदेशाचा मसुदा आणि कंपनीचं धोरण घेऊन ये, उत्तर दोघी बसून लिहू.

तुझी
मावशी