पाळकनिवास मिळेल, तरी फ्लॅट विकू नका

पत्र बडोद्याच्या गोत्री भागातल्या एका ताईंचं आहे. वय ३६, बी.एस्सी., नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी, पगार हातात ५८ हजार. घराणं मूळ नगरचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी प्रतापनगरला आले आणि इथलेच झाले. वडीलही रेल्वेतच. ते गेल्यावर आईला १९ हजार फॅमिली पेन्शन मिळते. ताई दर रविवारी उपासनेनंतर ओडिशा-झारखंडहून आलेल्या कामगारांची हिंदी संगती, म्हणजे प्रार्थनेचा मेळावा, चालवतात. आता नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करायचं आणि त्याआधी ख्रिस्ती मिशन व आंतरसांस्कृतिक सेवा या विषयात मास्टर्स करायचं, असं त्यांनी ठरवलंय. कॅलिफोर्नियातल्या एका सेमिनरीने (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजने) निम्मी फी माफ करून प्रवेश दिला आहे. तरीही राहण्या-खाण्यासकट दोन वर्षांचा खर्च ४५ लाखांवर जातो. बेत असा : गोत्रीचा वन बीएचके ३० लाखांना विकायचा, त्यावरचं ४ लाख २० हजारांचं कर्ज फेडायचं, आईने आणंदला भावाकडे राहायचं आणि कमी पडतील ते २० लाख शैक्षणिक कर्ज काढायचं. परत आल्यावर गुजरातमधलीच एक संस्था ३० हजार पगार आणि राहायला जागा देणार आहे. ‘यात माझं कुठे चुकतंय का?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, शिकावं की नाही यावर मी बोलणार नाही. ते तुमचं तुमच्या पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलून झालेलं दिसतंय, आणि मी काही मंडळीतला, चर्चमधला माणूस नाही. पैशापुरतं सांगतो : शिका, पण या रस्त्याने नको.

आधी कर्ज. २० लाख एकदम उचलले जात नाहीत, दर सत्राला पाच-पाच लाख जातात. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. ११ टक्क्यांनी धरलं तर पहिला हप्ता येईपर्यंत बोजा २५ लाखांच्या घरात पोचतो. दहा वर्षांत फेडायचा तर महिन्याला ३४ हजारांच्या वर हप्ता, आणि पगार ३० हजार. पंधरा वर्षांवर नेलात तरी हप्ता २८ हजारांच्या पुढेच. तुमच्या खर्चाच्या यादीत दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, सगळ्यात वर लिहिलेला मी पाहिला. त्याला मी हात लावत नाही, पण ३० हजारांचा दशांश ३ हजार होतो, आणि हप्ता गेल्यावर तेवढेही उरत नाहीत.

व्याजावर करसवलत मिळते म्हणून कर्ज स्वस्त पडतं, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. ती सवलत जुन्या करपद्धतीत आहे आणि आठ वर्षांपुरती आहे. शिवाय ३० हजार पगारावर मुळात करच नसेल, तर वाचवणार काय?

फी डॉलरमध्ये आहे हेही धरा. २०१४ मध्ये डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावाने मांडणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. तिथे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॅम्पसवर. त्यातून हातखर्च सुटेल, फी नाही.

आता फ्लॅट. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य म्हणजे ‘पुढे पाळकनिवास किंवा संस्थेची खोली मिळणारच आहे, मग फ्लॅट ठेवून काय करू?’ नेमकं म्हणूनच ठेवायचा. सेवेत असेतो डोक्यावर छप्पर असतं, घरभाडं नाही, मेंटेनन्स नाही. त्यामुळे घराचा विचार पुढे पुढे ढकलला जातो, आणि निवृत्तीच्या महिन्यात किल्ली परत द्यावी लागते. फतेगंजातले एक निवृत्त पाळक माझ्याकडे आले होते. प्लास्टिकच्या फाइलमध्ये पीएफची चिठ्ठी, दोन एफडीच्या पावत्या आणि तीस वर्षांतल्या बदल्यांची पत्रं, सगळी नीट तारखेनुसार लावलेली. प्रश्न एकच होता : एवढ्या पैशात भाड्याची अनामत भरून बाकीच्यावर दोघांचं भागेल का? भागलं, पण ओढून-ताणून. कमी पगाराच्या पेशात जाणाऱ्याकडे आधीपासून घर असणं ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्याकडे ते आहे, कर्ज जेमतेम साडेचार वर्षांचं उरलंय, आणि तुम्ही तेच विकायला निघालात.

शिवाय त्या घरात आई राहते. पेन्शन तिची, शेजार तिचा. रेल्वेची वैद्यकीय सोय तिला आहे, उम्मीद कार्डावर (रेल्वेच्या वैद्यकीय ओळखपत्रावर) प्रतापनगरच्या रेल्वे हॉस्पिटलात औषधं मिळतात. हे सगळं सोडून तिने आणंदला का जायचं? भावाने ‘ये’ म्हटलंय हे वाचलं. आईने काय म्हटलंय ते पत्रात कुठे दिसलं नाही.

संस्थेच्या शब्दाबद्दल. तुम्ही पाच वर्षं सेवा द्यायची आणि त्या बदल्यात त्यांनी पगार-जागा द्यायची, हे आज तोंडी आहे. बडोद्याच्या माणसाला याबाबत एक जुना दाखला माहीत असायला हवा. सयाजीरावांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, अशी शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी, तसा करारही झाला. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाले. नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून गावात कोणी जागा देईना. पारशी विश्रामगृहातूनही बाहेर काढलं, आणि त्यांना मुंबईला परतावं लागलं. त्यांच्यावर जे गुदरलं त्याची तुमच्या अडचणीशी बरोबरी नाही. मी फक्त करारापुरतं बघतो : पैसे किती, सेवा किती वर्षं, हे लिहिलेलं होतं, माणूस राहणार कुठे, याची हमी कोणी घेतलेली नव्हती.

तेव्हा लेखी घ्या. जागा कुठे, किती वर्षांसाठी, बदली झाली तर काय, पीएफ आहे का. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेला पीएफ सक्तीचा नसतो, म्हणून हे विचारायलाच हवं. आणि संकोच न करता विचारा की माझा पगार कुठल्या पैशातून येणार. परदेशी देणगीतून येत असेल तर संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) चालू आहे का आणि कधीपर्यंत, ते बघा. ती नोंदणी पाच वर्षांची असते, नूतनीकरण अडलं की परदेशी पैसा थांबतो. तुमचं काम कितीही चांगलं असो, पगार तिथेच अडकतो.

मग शिकायचं कुठे? या विषयासाठी समुद्र ओलांडायलाच हवा असं नाही. पॅसाडेनाच्या फुलर सेमिनरीत १९६५ मध्ये मिशनचं स्वतंत्र विद्यालय निघालं, त्याचे पहिले प्रमुख डोनाल्ड मॅकगॅव्हरन. त्यांचा जन्म दमोहचा, आणि त्यांचं शास्त्र उभं राहिलं ते मध्य भारतातल्या कामातून. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, बेंगळुरूला युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आणि सायक्स (साउथ एशिया इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड ख्रिश्चन स्टडीज) आहे. एक गोष्ट मात्र अर्ज करण्याआधी नीट समजून घ्या. श्रीरामपूरच्या सिनेटची पदवी (नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं श्रीरामपूर) आणि एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता या दोन वेगळ्या वाटा आहेत. श्रीरामपूरच्या एम.टीएच.ला (धर्मशास्त्रातल्या मास्टर्सला) आधी बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) लागते, म्हणजे बी.एस्सी.वाल्याला बरीच जादा वर्षं. असोसिएशनची मान्यता मंडळ्यांमध्ये चालते, पण विद्यापीठ किंवा सरकारी नोकरीत तिचा आधार धरू नका, आणि बँकाही अशा अभ्यासक्रमाला कर्ज देताना बहुधा हात वर करतात. तुम्हाला सेवाच करायची आहे, प्राध्यापकी नाही, तर दोन वर्षांची मास्टर्स पुरेशी आहे. संस्थेला कोणती चालते ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

तुम्ही सोबत जोडलेल्या दुसऱ्या, इथल्याच सेमिनरीच्या माहितीपत्रकात मेससकट वर्षाला २ लाख २० हजार आहेत. दोन वर्षांचे ४ लाख ४० हजार. घराचा हप्ता ९,५०० प्रमाणे २ लाख २८ हजार. तुमचा प्रवास, फोन, पुस्तकं, विमा मिळून २ लाख. एकूण ८ लाख ६८ हजार. एफडीत साडेपाच लाख आहेत. पुढच्या जूनपर्यंतचे १२ महिने महिन्याला २२ हजार बाजूला टाकलेत, जे आजही टाकता, तर २ लाख ६४ हजार. राहिले पन्नास-पंचावन्न हजार. नऊ वर्षं जुन्या पीपीएफमधून तेवढे सहज काढता येतात, बाकीचा पीपीएफ अडीअडचणीला तसाच ठेवा. मंडळीने काही मदत केली तर तेवढेही काढावे लागणार नाहीत. घरखर्च आईच्या पेन्शनवर चालतोच आहे. कर्ज शून्य. पुणं निवडलंत तर रात्रीच्या गाडीने बसून सकाळी बडोद्यात उतरता येतं.

बुडणारा पगार मी यात धरलेला नाही : दोन वर्षांचे जवळजवळ १४ लाख. तो तुम्ही अमेरिकेला गेलात काय नि पुण्याला काय, बुडणारच. ती या निर्णयाची खरी किंमत आहे आणि ती तुम्ही समजून-उमजून मोजताय, असं मी धरतो.

ईपीएफ मोडू नका. सोनंही राहू द्या. आईचं आहे, तुमच्या यादीत यायलाच नको होतं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम राजीनाम्यासोबत जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून काढलाय, आणि आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जितका लवकर सुरू होईल तितका बरा. तुमच्या थायरॉइडची गोळी फॉर्मवर लिहा, लपवू नका.

कॅलिफोर्नियाला आज नकार कळवू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि काही विषय इथूनच ऑनलाइन करता येतील का, असं विचारणारी मेल पाठवा. पूर्ण फी माफ झाली, राहण्याचा खर्च कोणी लेखी उचलला आणि संस्थेचं पत्र हातात आलं, तर पुन्हा लिहा; तेव्हा आकडे वेगळे असतील. फ्लॅटच्या दलालाला मात्र या आठवड्यातच फोन करून विक्रीची जाहिरात काढून टाकायला सांगा.