मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरला पहिल्यांदा जातोयस तर...

मोठ्या नाट्यगृहातल्या सवयी घरी ठेवून जा. तिथे तिसरी घंटा झाल्यावरही बॅटरीच्या उजेडात खुर्च्या शोधणारे असतात. पृथ्वीत उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, तिकीट खिशात असलं तरी. जुहूचं ट्रॅफिक धरून अर्धा तास आधीच पोच. शिवाय खुर्च्यांना नंबर नसतात. रांगेत जो पुढे, त्याला मनासारखी जागा.

१९७८ साली सुरू झालेलं हे थिएटर जेमतेम २०० प्रेक्षकांचं. रंगमंच पुढे आलेला, तीन बाजूंनी आपण. पहिल्या रांगेचा मोह होईल, पण बसलास तर पाय आत घे बाबा! अशाच एका छोट्या नाट्यगृहात मी ऐसपैस पाय पसरून बसलो होतो. अंधारात एक्झिट घेणारा नट माझ्या बुटाला अडखळला, हातातला तांब्या ठणठणत विंगेपर्यंत गेला. त्याने वाक्य सोडलं नाही. मी मात्र उरलेलं नाटक मान खाली घालून पाहिलं. तेव्हापासून माझी जागा तिसऱ्या रांगेत, मधोमध.

मोबाइल सायलेंट नको, बंदच कर. एवढ्याशा जागेत स्क्रीनचा उजेड नटालाही दिसतो. खोकल्याच्या गोळीचा कागद आधीच सोडवून ठेव. बऱ्याच प्रायोगिक नाटकांना मध्यंतर नसतं, तेव्हा बाथरूमला आधी जाऊन ये.

प्रयोग संपल्यावर लगेच रिक्षा पकडू नकोस. बाहेरच्या कॅफेत कधीकधी नटमंडळी येतात, अर्धवट मेकअप पुसलेली. बोल त्यांच्याशी. नुसतं ‘छान झालं’ नको, कुठे कंटाळलास तेही सांग.